उतावळी दाद

दुपारचं जेवण झालं की लुआन देशंग मागच्या खोलीत जायचा, पडदा ओढायचा, ग्रामोफोनला चावी द्यायचा आणि घरातून निघून जायचा. म्हणजे देह तिथंच, वेताच्या खुर्चीत. पण त्याची बायको ग्वेइफन आल्यागेल्याला बेधडक सांगायची, "म्हातारा घरात आहे, पण आत्ता नाहीये. तासाभरानं या."

जायचा तेही ठरलेल्या ठिकाणी. हाय नदीच्या काठचं एक जुनं हॉटेल, वरच्या मजल्यावरची खोली, साल त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या. एका भिंतीतून पत्र्याच्या कर्ण्याचं तोंड बाहेर आलेलं, आणि त्या तोंडात जवळजवळ डोकं घालून उभे असलेले शांग यूनथिंग, त्या काळातले तियानजिनचे लाडके गायकनट, सगळ्यांचे 'शांग मालक'. त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर सारंगीवाला. ढोलवाला लांब, कारण ढोल जवळ आला की तबकडीचं मेण कोरणारी सुई उड्या मारते. घंटा आणि झांजा आणखी मागे, पार दाराशी. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तबकडीत कोण किती लांबून ऐकू येतो यावरून त्यानं एकेकाला आपल्या जागी बसवलं होतं. रजयांवर बदकांच्या जोड्या भरलेल्या होत्या, हे मात्र त्याच्या मनाचं.

लुआन शाळेत गाण्याचा मास्तर होता. लोक जुन्या तबकड्या फोडत होते, वितळवायला देत होते, गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या कुंड्या करत होते, तेव्हापासून तो त्या गोळा करत आलेला. कधी भंगारवाल्याच्या पाठीमागे सायकल हाणून, कधी बायकोशी खोटं बोलून. त्याचे नियम कडक. पोलादी सुई लावायची नाही, ती तबकडी खाते. बांबूचीच सुई, तीही स्वतः तासलेली. आणि एकदा वाजलेली तबकडी दिवसभर विसावू द्यायची, लागोपाठ दुसऱ्यांदा लावायची नाही, मग समोर खुद्द सम्राट येऊन बसला तरी. त्याचा दोस्त आणि संग्रहातला प्रतिस्पर्धी ज्याओ शूवांग म्हणायचा, "लुआनच्या घरात तबकड्यांना सुट्टी मिळते. वहिनींना मिळाल्याचं ऐकिवात नाही."

शांग मालकांची ती तबकडी अगदी पहिल्यावहिल्या काळातली. गाणं एकाच बाजूला, पाठ पाटीसारखी सपाट. सुरुवातीला एक माणूस घसा फोडून ओरडतो, "कंपनीनं शांग यूनथिंग मालकांना खास पाचारण केलं आहे!" मग सारंगी. मग तो म्हातारा प्रधान, राजानं हद्दपार केलेला, सीमेवरच्या नाक्यावर उभा. वरून रानहंसांचा थवा दक्षिणेकडं चाललेला, आणि हा मान वर करून त्यांना निरोप देतो, सांगा रे, माझ्या घरी सांगा.

त्या 'घरी'वर सगळा खेळ. लुआनच्या वडिलांनी तरुणपणी ते नाटक मागं उभं राहून पाहिलं होतं. ते सांगायचे, 'घरी' म्हणताना आवाज असा वर जायचा, की पतंगाला कुणी ढील देत सुटलंय. वर, अजून वर. सगळं थिएटर श्वास घ्यायला विसरायचं. आणि आवाज खाली उतरून टेकला, की मग लोक 'हाओ!', म्हणजे वाहवा, असे ओरडायचे, की छतावरची धूळ खाली यायची. वडील हे सांगताना जेवत असतील तर घास हातातच राहायचा. लुआन तो आवाज ऐकायचा म्हणून जन्मभर थांबलेला होता.

कारण त्याच्याकडच्या तबकडीत तो आवाज नव्हता. पतंग निम्म्यावर गेला न गेला, तोच त्या रजयांच्या खोलीत मागून कुणीतरी खेकसायचा, "हाओ!"

आता तियानजिनचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चुकीच्या जागी हाओ म्हणणार नाही. दाद द्यायची ती मात्रेवर, गायकानं सूर टेकवल्यावर. आधी दिलीत तर तुम्ही गावंढळ. उशिरा दिलीत तर शेजाऱ्याचं ऐकून देणारे. इथं मुलीला स्थळ बघताना पगार मागाहून विचारत, आधी मुलाला नाटकाला घेऊन जात. आणि हा गाढव गायकाच्या तोंडातला घास काढून घेतो! त्यात भर म्हणजे लुआनच्या प्रतीला नेमकी तिथंच चीर. त्यामुळे आधी 'टक्', मग 'हाओ!' आणि मग एकदम खाली उतरलेला प्रधान. वर काय झालं ते कळायलाच मार्ग नाही. लुआननं त्या माणसाचं नाव ठेवलं होतं उतावळ्या. त्या खोलीत तो सगळ्यांशी अदबीनं वागायचा, कर्ण्यालासुद्धा नमस्कार करायचा, पण दाराकडं बघायचा नाही. तिकडं उतावळ्या बसलेला असायचा. एक धड, न चिरलेली प्रत मिळाली, तर त्या ओरडण्याखालूनही पतंग दिसेल, अशी त्याला आशा होती.

पानगळीच्या दिवसांत, गुरुवारच्या जुन्या बाजारात, ज्याओबरोबर एका फाटक्या गठ्ठ्यावरून हुज्जत घालत असताना लुआनला आधी लसणाचा वास आला आणि मग ती म्हातारी दिसली. बुटकी, निळ्या कोटातली, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेली.

"जुन्या तबकड्यांतलं कळणारे मास्तर तुम्हीच का?"

"कळतं असं लोक म्हणतात, ताई. विकायची आहे?"

"विकायची नाही. ऐकायची आहे. आमच्याकडं ते यंत्र नाही."

ज्याओनं नाकाला हात लावला. "ताई, ही ऐकायची आहे की शेवयांत घालायची?"

"थट्टा करा. लसणी कोबीच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण होती ही, म्हणून वाचली. जुनं ते फोडायला घरांच्या झडत्या चालल्या होत्या, तेव्हा बरणीत हात कोण घालतो? गाण्याची बाजू आईनं तेलकागद लावून, वरून चिखल थापून बंद केली होती. लोणचं खाल्लं सगळ्यांनी, झाकण कुणी पाहिलं नाही."

लुआननं गोधडी उलगडली. लेबल कधीच गेलेलं. पण मधोमध, तबकडीच्या अंगावरच खरवडलेला क्रमांक होता. तो क्रमांक त्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का ठाऊक होता. काठ धड, चीर कुठं नाही. ती निसटू नये म्हणून ज्याओनं खालून आपले तळवे धरले.

"कुणाची ही?" लुआननं विचारलं.

"माझ्या वडिलांची."

"शौक होता त्यांना?"

"शौक कसला? ते यात आहेत."

"शांग मालक तुमचे वडील?"

"छे हो! एवढं नशीब कुठलं?" म्हातारी म्हणाली. "मधेच ओरडलेत ना, ते."

ज्याओ बाजाराच्या मधोमध खदाखदा हसला. "उतावळ्या! अरे लुआन, तुझ्या उतावळ्याची लेक! जन्मभर शिव्या घातल्यास, आता चहा पाज." लुआननं त्याच्या पायावर पाय दिला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हातारीचा चेहरा मात्र जसाच्या तसा राहिला.

"हसू द्या," ती म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. नाव दौ वानछिंग. ग्वेइफननं तिला चहा दिला, पीळ घालून तळलेली गोड पीळकडी दिली आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की बघू या आता काय दिवे लावतोस. लुआन कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसानं तबकडी पुसत होता, खाचांच्या दिशेनं, गोल गोल, तान्ह्या बाळाची टाळू पुसावी तशी. कापूस तपकिरी होत होता. खोलीत लसूण, चहा आणि पडद्यातून गाळून आलेलं पिवळं ऊन. नदीवरून कुठल्यातरी बोटीचा भोंगा आला आणि विरून गेला.

"बाबा शांग मालकांच्या मंडळीत लहान घंटा वाजवायचे," वानछिंग सांगू लागली. "दौ लिनश्यांग त्यांचं नाव. विशीचं वय. ही तबकडी बाजारात आली तेव्हा दुकानदार दारातच कर्णा लावून वाजवायचे. गर्दी जमायची आणि बाबांच्या ओरडण्यावर हसायची. कोण रे हा बहिरा? दोन दिवसांत गावभर झालं. मंडळीतल्या लोकांनी त्यांना ठेवलं नाही. घंटा वाजवणाऱ्यालाच मात्रा कळत नाही म्हटल्यावर ठेवतात कशाला? मग लोणच्याच्या कारखान्यात लागले. कोबी कापायचे. जन्मभर तेच. रस्त्यानं चालले की पोरं मागून ओरडायची, हाओ! ते भाजी घेत असतील, नाक शिंकरत असतील, हाओ! माझ्या लग्नातसुद्धा कुणीतरी ओरडलं, मला अजून वाकून नमस्कार करायचा होता तेवढ्यात."

"काही बोलायचे का ते?"

"कधीच नाही. आई बोलायची. आई म्हणायची, तुझा बाप चुकला नव्हता. मालकांचा आवाज त्या दिवशी फाटणार होता. त्यांना ताप होता, वर सकाळची वेळ. मेण एकदा कोरलं की कोरलं, रेकॉर्डिंग करणारा परदेशी साहेब सामान बांधून बसलेला. तुझ्या बापाला कळलं की आता फाटणार, म्हणून तो वर ओरडला. झाकायला. असं म्हणायची."

लुआनचा हात थांबला. रंगमंचावरच्या नटाचा सूर डगमगला, की जीव लावणारे चार लोक ऐन वेळी हाओ म्हणून तो झाकून घेतात, ही रीत त्याला माहीत होती. पण शांग यूनथिंग? 'घरी'वर? त्याला एकदम राग आला. वडिलांच्या हातात थांबलेला घास आठवला.

"ताई, बायको नवऱ्याची बाजू घेणारच," तो म्हणाला. "आईंकडं काही पुरावा?"

"नासपती," म्हातारी म्हणाली. "दर वर्षी, नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी, दाराशी नासपतींची टोपली असायची. एकेक फळ कागदात गुंडाळलेलं. नाव नाही, निरोप नाही. शांग मालक वारले, त्या वर्षापासून टोपली बंद झाली."

"नासपती कुणीही ठेवील."

"ठेवील ना," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आले. आई भाबडी होती की बाबा बहिरे होते, एवढं मला कळू द्या, मास्तर. बाबा अडाणी निघाले तरी चालेल. मी ती तशीच परत नेईन, बरणीवर ठेवीन. पण माझे कान आता चालले. डावा गेलाच आहे. उजवा आहे तोवर कळू द्या."

लुआननं नवी बांबूची सुई तासली. मुद्दाम बारीक. चावी दिली, सुई टेकवली आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

खरखर आली, मीठ भाजल्यासारखी, आणि मग तो ओरडणारा माणूस. मग सारंगी. पण आज सारंगीवाला इतका जवळ होता, की त्याच्या गजाचा राळेचा वास यावा. खोलीतल्या रजया बाजूला सारून कुणीतरी खिडकी उघडली होती जणू. प्रधानानं मान वर केली. हंस दिसले. सांगा रे, माझ्या. आणि लुआनला पहिल्यांदाच शांग मालकांची पाठ दिसली. खांदे दिसले. सकाळच्या गारठ्यात मानेवर घाम. श्वास घेताना उजवा खांदा जरासा जास्त वर गेला, गायला शिकवणाऱ्या मास्तराच्या ओळखीचा तो खांदा. शाळेत पोरांचा असा खांदा वर गेला की लुआन पेटी थांबवायचा, कारण पुढं काय होणार ते त्याला कळायचं.

सूर निघाला. वर गेला. अजून वर. आणि दाराशी बसलेल्या त्या पोरानं, मांडीवर घंटा धरलेल्या त्या विशीतल्या पोरानं, तोंड उघडलं.

"हाओ!"

त्या हाकेच्या खाली, अगदी खाली, नखाला रेशीम अडकावं तसा शांग मालकांचा आवाज अडकला. फाटला. निमिषभर तिथं नुसती हवा होती. सारंगीवाल्यानं गज लांबवून ती जागा भरली, आणि प्रधान खाली उतरून 'घरी' टेकला, जसं काही झालंच नाही.

सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. लुआन उठला नाही. ग्वेइफननंच येऊन ती उचलली.

आधी हाक, मग फाटणं. हीच तर गोष्ट होती. आवाज फाटल्यावर कुणीही ओरडेल. हा फाटण्याच्या आधी ओरडला होता. पतंग तुटणार हे उडवणाऱ्याच्या आधी त्याला कळलं होतं. ज्याला अख्ख्या शहरानं बहिरा ठरवलं, त्याच्याइतका कान त्या खोलीत कुणालाच नव्हता, आणि तो कान घेऊन हा जन्मभर कोबी कापत बसला. लुआनला लाज वाटली. इतकी, की त्याला म्हातारीकडं बघवेना.

"तुमची आई भाबडी नव्हती," तो शेवटी म्हणाला. मग त्यानं पुन्हा म्हटलं, तिच्या उजव्या कानाशी, मोठ्यानं.

वानछिंग रडली नाही. तिनं पीळकडीचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसली. मग म्हणाली, "आवाज किती कोवळा होता हो त्यांचा. मी त्यांना म्हातारेच पाहिलेत."

उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत तिच्या बुटांपाशी आला.

"ताई, मी सांगतो सगळ्यांना," लुआन उसळून म्हणाला. "रविवारी ज्याओकडं आमची बैठक आहे. संग्रहातली सगळी मंडळी येतात. त्यानं एव्हाना गावभर केलंय की धड प्रत मिळाली. तिथं उभा राहून सांगतो."

"काय सांगाल? शांग मालक फाटले?"

लुआननं तबकडीवरचा हात मागं घेतला.

"बाबांनी झाकलं ते मी उघडायचं?" ती म्हणाली. "सांगायचंच असतं तर त्यांनी नसतं सांगितलं? एका वाक्याचं तर काम होतं. कोबीच्या ढिगापुढं उभं राहून एवढी वर्षं ते एक वाक्य गिळलं त्यांनी."

"मग लावतच नाही रविवारी. या लोकांचे कान तिखट आहेत. माझ्या चिरलेल्या प्रतीत लपलं होतं ते, तुमच्या प्रतीत लपायचं नाही. सांगायची गरजच पडणार नाही, त्यांना ऐकू येईल."

"पण एकदा चार लोकांत वाजावी, असं वाटतं हो," वानछिंग हळूच म्हणाली. "त्यांना कधी कुणी सभ्यपणानं बसून ऐकलंच नाही. रस्त्यावरच ऐकलं." मग तिला स्वतःचंच हसू आलं. "मलाही दोन्ही दगडांवर पाय ठेवायचेत. तुम्हीच बघा, मास्तर."

रविवारपर्यंत लुआन दुपारी कुठंही गेला नाही. खुर्चीत बसायचा, पण खोली उघडायची नाही. दाराशी बसलेल्या त्या पोरापुढं काय तोंड घेऊन जायचं? ग्वेइफन म्हणाली, "आता घरात असतोस आणि खरंच असतोस, हे तर आणखी वाईट."

ज्याओच्या दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती. खिडकीत कुंडीतली शेवंती, टेबलावर भोपळ्याच्या बिया, हवेत सिगारेटचा धूर, आणि धुरात तरंगणारी म्हाताऱ्यांची टकलं. सगळे कान असलेले. एकानं काडी ओढली तरी कुठल्या डबीतली ते सांगणारे. ज्याओनं टेपरेकॉर्डर मांडला होता. "आज हे रेकॉर्ड करून ठेवू या. लुआनला उद्या काही झालं तर तबकडी वहिनी लोणच्यावर ठेवतील," तो म्हणाला. वानछिंग मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, उजवा कान पुढं करून बसली होती. ती कोण हे कळल्यावर दोघा-तिघांनी एकमेकांना ढोसलं आणि खाली मान घालून हसले.

"उतावळ्याचा सन्मान ठेवा रे," कुणीतरी म्हणालं.

लुआननं सुई टेकवली. यंत्राशेजारी उभा राहिला. पुकारणारा ओरडला, सारंगी सुरू झाली, आणि खोली शांत झाली. बिया चघळणारी तोंडं थांबली. धुरामागं रजया टांगल्या गेल्या. प्रधानानं मान वर केली. ज्याओ पुढं वाकला, त्यानं कानामागं हात धरला. त्या चेहऱ्यावर आज थट्टा नव्हती, नुसती तहान होती. त्यालाही पतंग बघायचा होता. सगळ्यांनाच. आणि आता काही क्षणांत हे सगळे कान एकदम त्या फाटलेल्या रेशमावर पडणार होते.

सांगा रे, माझ्या.

लुआननं दाराकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपण होऊन. पोरगा तिथंच होता, मांडीवर घंटा धरून. त्यानं लुआनकडं बघितलं नाही. तो मालकांच्या खांद्याकडं बघत होता. खांदा वर गेला.

"हाओ!"

दोघांचा आवाज एकदम निघाला. लुआनचा जरा जास्तच मोठा. चाळीस वर्षं पोरांना गप्प करण्यात कमावलेला मास्तरी आवाज तो, खिडकीची काच थरथरली, शेवंतीची पाकळी गळली आणि ज्याओच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला. तो विरला तोवर प्रधान खाली उतरून घरी टेकला होता.

मग जे उसळलं ते काय सांगावं? "अरे काय हे!" "बाहेर काढा त्याला!" ज्याओ चहा झटकत नाचत होता. "लुआन! अरे जन्मभर ज्याला गाढव म्हणालास, त्याच्याच शेजारी जाऊन रेकलास? तेही नेमकं त्याच मात्रेवर? म्हातारचळ लागतो म्हणतात, तो हाच का?"

"राहवलं नाही," लुआन म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"राहवलं नाही! बरं, आता तोंडात रुमाल कोंब, आणि पुन्हा लाव."

"पुन्हा?" लुआननं तबकडी उचलली आणि फडक्यात गुंडाळायला घेतली. "तापली आहे ती. आज विसावणार. माझा नियम माहीत आहे तुला."

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

"आणि उद्या ज्यांची आहे त्या घरी घेऊन जाणार. त्यांनी एकदाच ऐकवायचं कबूल केलं होतं."

सगळ्यांनी वळून मागं बघितलं. मागच्या रांगेत वानछिंग हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. लोकांना वाटलं, आपल्या बापाच्या जोडीला आणखी एक बहिरा मिळाला म्हणून म्हातारी हसते आहे. तेही हसले. बघता बघता सगळी खोली हसायला लागली, ज्याओसुद्धा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टेप मात्र चालूच राहिली होती. तिच्या प्रती निघाल्या, बीजिंगपर्यंत गेल्या, आणि ज्याच्या त्याच्या घरी त्या टेपमध्ये शांग मालक, उतावळ्या आणि लुआन देशंग असे तिघं एकदम ऐकू येऊ लागले. वर काय झालं ते कुणाला कधीच कळलं नाही. गुरुवारच्या बाजारात लुआन दिसला की विक्रेते लांबूनच ओरडायचे, "हाओ! मास्तर, थांबा, अजून भाव सांगितला नाही!" लुआन मान खाली घालून पुढं जायचा. पहिले काही आठवडे लागलं त्याला, खोटं कशाला सांगा. ज्याच्या कानावर लोक भरवसा ठेवून होते, त्याला आता तबकडी दाखवायला कुणी येईना. मग एकदा लोणच्याच्या दुकानापाशी पोरं ओरडली, तेव्हा त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी बरोबरीनं चाललो आहोत. त्यानं पाऊल जरा हळू केलं.

तबकडी वानछिंगनं परत नेली नाही. "बरणीला मी ताटली आणली आहे," एवढंच म्हणाली.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी सकाळी ग्वेइफन दारावर लाल कागद चिकटवायला बाहेर गेली आणि टोपली घेऊन आत आली. पिवळ्याधमक नासपती, एकेक कागदात गुंडाळलेली. नाव नाही, निरोप नाही.

"कुणी ठेवली म्हणायची?" तिनं एक फळ नाकाशी नेलं आणि कपाळाला आठी घातली. "आणि हिला लसणाचा वास कसला?"

लुआननं टोपली तिच्या हातातून घेतली. दुपारी जेवण झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला, पडदा ओढला आणि एक नासपती कोटाच्या बाहीला पुसली. नासपती कापून वाटली की ताटातूट होते म्हणतात, म्हणून अख्खीच घेतली. मग चावी दिली, डोळे मिटले, रजयांमधून वाट काढत सरळ दाराशी गेला, आणि ती त्या पोराच्या हातात दिली.